यानातला न फिरणारा ठोकळा

चंद्राकडे जाताना अपोलो यान तासाला साधारण तीन फेऱ्या या गतीनं स्वतःभोवती फिरत असे. एकच बाजू सतत उन्हात राहिली तर ती तापणार आणि सावलीतली गोठणार, म्हणून ही फिरकी. या फिरत्या यानाच्या पोटात, कलिंगडाएवढ्या गोल पेटीत, एक ठोकळा मात्र फिरत नसे. यान त्याच्याभोवती फिरे आणि तो ताऱ्यांच्या संदर्भात जागच्या जागी राही. त्यावर तीन जायरो (फिरणं ओळखणारे) आणि तीन ॲक्सिलरोमीटर (ढकललं जाणं मोजणारे) बसवलेले असत. या सगळ्या स्थिर ठोकळ्याला प्लॅटफॉर्म म्हणत. यानाचं तोंड कुठे आहे आणि इंजिनानं त्याला किती ढकललं, या दोन्ही प्रश्नांची उत्तरं त्या ठोकळ्याकडून मिळत.

हे उपकरण अत्यंत अचूक होतं, असं नेहमी लिहिलं जातं. मला त्यातली दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते: ते सतत थोडं थोडं चुकत होतं, आणि किती चुकतंय हे मोजायची सोय यानातच केलेली होती. ती सोय नसती, तर कितीही चांगला जायरो घेतला असता तरी तीन दिवसांच्या प्रवासात निभाव लागला नसता.

आधी ॲक्सिलरोमीटरबद्दलचा एक नेहमीचा गोंधळ दूर करू. ॲक्सिलरोमीटरला गुरुत्वाकर्षण कळत नाही. लाँचपॅडवर उभ्या रॉकेटमध्ये तो १ जी दाखवतो, आणि तोही वरच्या दिशेनं, कारण पॅड रॉकेटला खालून वर दाबून धरतो. इंजिन बंद करून कक्षेत फिरणाऱ्या यानात तोच शून्य दाखवतो, यानाची गती सेकंदाला पावणेआठ किलोमीटर असली आणि पृथ्वी ती दिशा क्षणोक्षणी वाकवत असली तरी. म्हणजे गुरुत्वाकर्षणाचा भाग संगणकानं गणितानं घालायचा. ते गणित ‘मी आत्ता कुठे आहे’ यावर अवलंबून, आणि ‘मी कुठे आहे’ हे त्याच गणितातून आलेलं. इथे मेख आहे. समजा संगणकाला वाटतंय की यान खऱ्यापेक्षा थोडं उंच आहे. मग तो गुरुत्वाकर्षण खऱ्यापेक्षा कमी धरतो, त्यामुळे यान आणखी वर गेल्यासारखं त्याला वाटतं, आणि चूक चुकीलाच खतपाणी घालते. पृथ्वीजवळ ही वाढ घातांकी असते आणि तिचा कालांक, म्हणजे चूक सुमारे २.७ पट व्हायला लागणारा वेळ, सुमारे ५७० सेकंद, म्हणजे साडेनऊ मिनिटं. आडव्या दिशेत उलट घडतं. तिथे चूक फुगत जात नाही, सुमारे ८४ मिनिटांच्या आवर्तनानं झोके घेत राहते. म्हणून ज्या यानाला उंची बाहेरून कळायची सोय नाही, त्याच्या जडत्वीय आकड्यांत, म्हणजे बाहेर न बघता नुसत्या जायरो-ॲक्सिलरोमीटरवरून काढलेल्या आकड्यांत, सगळ्यात आधी उंचीच बिघडते.

आता जायरो. अपोलोचा जायरो म्हणजे खेळण्यातला भोवरा नव्हे. सुमारे अडीच इंच व्यासाच्या डब्यात मिनिटाला २४,००० फेऱ्या घेणारं चाक. ते चाक एका बंद कुपीत आणि ती कुपी घट्ट द्रवात तरंगत ठेवलेली. द्रवाची घनता आणि कुपीची घनता बरोबर जुळली की कुपी वरही येत नाही, खालीही बसत नाही, आणि टोकांच्या आधारांवर तिचा भार जवळजवळ शून्य होतो. त्यातही ती टोकं आधारांना घासू नयेत म्हणून चुंबकीय बलानं मधोमध धरलेली. हा एवढा खटाटोप घर्षणासाठी. कुपी फिरताना घर्षणाचा जो काही टॉर्क (फिरवू पाहणारं बल) लागेल तो जायरोच्या दृष्टीनं फिरण्याचा खोटा इशारा ठरतो, आणि सगळा ठोकळा त्या खोट्या इशाऱ्यामागे सरकत जातो. याला ड्रिफ्ट म्हणतात.

घनतेची जुळणी एकाच तापमानाला होते. अपोलोच्या जायरोंसाठी ते सुमारे ५७ अंश सेल्सियस आणि ॲक्सिलरोमीटरसाठी सुमारे ५४. तापमान ठरलेल्या पट्ट्याबाहेर गेलं की धोक्याचा दिवा लागे. त्यामुळे प्लॅटफॉर्म बंद असतानाही त्याचे हीटर चालू ठेवायचा दंडक होता. थंड पडलेला द्रव घट्ट होतो, कुपीचं तरंगणं बिघडतं आणि मोजून ठेवलेले सगळे दोषांक निरुपयोगी होतात. प्लॅटफॉर्म सुरू करायचा म्हटलं की संगणक ९० सेकंद थांबे. तेवढ्यात चाकं पूर्ण वेगाला येत. या दीड मिनिटात ‘नो ॲटिट्यूड’ (दिशा माहीत नाही) हा दिवा लागलेला दिसला तर ती बिघाडाची खूण नव्हे.

ॲक्सिलरोमीटरची रचना मला त्याहून देखणी वाटते. आत एक छोटा लंबक. यानाला ढकललं की तो कलू पाहतो, आणि विद्युतचुंबकाचे ठोके त्याला परत मधे आणतात. सेकंदाला ३,२०० ठोके, प्रत्येक एका बाजूला किंवा दुसऱ्या बाजूला. ढकलणं नसेल तर दोन्ही बाजूंचे ठोके सारखे पडतात आणि बेरीज शून्य. ढकलणं असेल तर एका बाजूचे जास्त लागतात. संगणक फक्त वजाबाकी करून शिल्लक मोजतो. कमांड मोड्यूलमध्ये, म्हणजे अपोलोच्या मुख्य यानात, एका शिल्लक ठोक्याचा अर्थ वेगात सेकंदाला ५.८५ सेंटिमीटरचा फरक, आणि चांद्रयानात, म्हणजे त्याला जोडलेल्या, चंद्रावर उतरणाऱ्या छोट्या यानात, एका ठोक्याला १ सेंटिमीटर. म्हणजे पॅडवर उभं असताना कमांड मोड्यूलच्या उभ्या दिशेत सेकंदाला साधारण १६८ ठोके शिल्लक पडायला हवेत, आणि चंद्रावर उतरलेल्या चांद्रयानात साधारण १६२. हा आकडा बरोबर येतोय का, एवढं पाहिलं तरी उपकरणाच्या तब्येतीचा पहिला अंदाज येतो.

ठोकळा स्थिर ठेवायचा तर त्याला यानापासून मोकळं करायला हवं. त्यासाठी गिंबल, म्हणजे एकात एक बसवलेली कडी. जायरोला किंचित फिरल्याची जाणीव झाली की त्याचा संकेत गिंबलच्या मोटरला जातो, मोटर ठोकळा तेवढाच उलटा फिरवते, आणि जायरो पुन्हा शून्यावर येतो. हे इतक्या झपाट्यानं होतं की जायरोला प्रत्यक्षात फिरावं असं काही लागतच नाही. त्याचं काम फक्त ‘शून्य नाही’ एवढं ओरडायचं. यानाची स्थिती मग गिंबलांमधल्या कोनांवरून वाचायची.

अपोलोत गिंबल तीनच होते: बाहेरचं, मधलं आणि आतलं. त्याआधीच्या जेमिनी यानात चार होते. तीनच्या रचनेत एक अडचण मुळातच आहे. मधलं गिंबल ९० अंशांपर्यंत वळलं की बाहेरच्या आणि आतल्या गिंबलचे अक्ष एका रेषेत येतात, आणि एका दिशेतली मोकळीक संपते. त्या दिशेत यान वळलं तर ठोकळ्यालाही बरोबर ओढत नेतं. याला गिंबल लॉक म्हणतात. पण प्रत्यक्षात अडचण ९० अंशांच्या बरीच आधी सुरू होते, ती मोटरच्या वेगामुळे. यान प्रतिकूल दिशेत वळत असेल तर बाहेरच्या गिंबलला यानाच्या वेगाला मधल्या कोनाच्या कोसाइननं भागून येणाऱ्या वेगानं पळावं लागतं. मधला कोन ७० अंश असताना जवळजवळ तिप्पट, ८५ अंशांना साडेअकरा पट. यान सेकंदाला ५ अंश वळत असेल तर ८५ अंशांपाशी बाहेरच्या गिंबलला सेकंदाला ५७ अंश फिरावं लागेल. म्हणून ७० अंशांना इशाऱ्याचा दिवा लागे, आणि ८५ अंशांना संगणक हार मानून गिंबल जागच्या जागी धरून ठेवे. म्हणजे मोटरी वाचल्या, पण दिशेचा संदर्भ गेला. चालकासमोरच्या स्थितीदर्शक गोळ्यावर ही जागा लाल रंगानं रंगवलेली होती. तो लाल डाग समोर येऊ लागला की हात आवरता घ्यायचा.

चौथं गिंबल का नाही दिलं? वजन, आकार, आणि एक आणखी सांधा म्हणजे एक आणखी बिघडण्याची जागा. शिवाय कुठल्या हालचाली करायच्या हे आधी ठरवता येत असल्यामुळे संदर्भ चौकट, म्हणजे ठोकळा ताऱ्यांच्या संदर्भात कोणत्या दिशांना लावायचा ते, अशी निवडता येई की महत्त्वाच्या बर्नच्या (इंजिन पेटवण्याच्या) वेळी मधला कोन शून्याजवळच राहील. हिशेब बरोबर होता, पण त्याचा बोजा चालकावर पडला. अपोलो ११ च्या मायकेल कॉलिन्स यांनी नाताळची भेट म्हणून चौथं गिंबल पाठवा असं ह्यूस्टनच्या नियंत्रण केंद्राला सांगितलं होतं, ते याच जाचामुळे. आणि त्याच मोहिमेत चंद्रावरून परतलेलं चांद्रयान ‘ईगल’ कमांड मोड्यूलशी जोडणीच्या अगदी शेवटच्या टप्प्यात गिंबल लॉकमध्ये गेलं. खिडकीतून येणारं ऊन टाळायला यान वळवलं, आणि नेमकं त्या लाल डागात. दुसरी, स्वतंत्र मार्गदर्शन यंत्रणा चालू होती म्हणून जोडणी बिनबोभाट झाली.

आता मुख्य गोष्ट, म्हणजे चूक मोजणं. कोन मोजायला आपल्याकडे पंचांगातले शब्द आहेतच: अंशाचा साठावा भाग कला, कलेचा साठावा भाग विकला. अपोलोच्या लोकांचं जायरोच्या ड्रिफ्टचं माप मात्र वेगळं होतं. पृथ्वी तासाला साधारण १५ अंश फिरते. त्याच्या हजाराव्या भागाला ते ‘मेरू’ म्हणत. एक मेरू म्हणजे तासाला ०.०१५ अंश, जवळजवळ एक कला. हे माप सोयीचं आहे, कारण जमिनीवर प्रत्येक जायरोला पृथ्वीचं फिरणं जाणवतंच आणि तीच त्याची पहिली कसोटी.

उड्डाणाआधी प्लॅटफॉर्म लावायचा तोही याच फिरण्यावर. लंब दिशा गुरुत्वाकर्षणावरून मिळते. उत्तर दिशा मिळवायला पूर्वेकडे रोखलेल्या जायरोकडे बघायचं: पूर्व खरोखरच पूर्व असेल तर त्याला पृथ्वीचं फिरणं अजिबात दिसू नये. थोडं दिसलं तर तेवढी दिशा चुकलेली. फ्लोरिडातल्या प्रक्षेपणतळाच्या अक्षांशावर, म्हणजे २८.६ अंशांवर, पृथ्वीच्या फिरण्याचा आडवा भाग तासाला १३.२ अंश. म्हणून पूर्वेच्या जायरोत एक मेरूची न पकडलेली चूक असेल तर उत्तर दिशा सुमारे ०.०६५ अंशानं, जवळजवळ चार कलांनी चुकते. ही जुळवणी उड्डाणाच्या क्षणापर्यंत चालूच राही.

अंतराळात पृथ्वीचा आधार संपतो आणि तारे हाती येतात. कमांड मोड्यूलच्या खालच्या बाजूला दोन दुर्बिणी होत्या. एक मोठं करून न दाखवणारी, ६० अंशांचं आकाश दाखवणारी. दुसरी सेक्स्टंट, २८ पट मोठं दाखवणारी, पण फक्त १.८ अंश आकाशाची. संगणकाच्या यादीत ३७ तारे होते. त्यांचे क्रमांक अष्टमान पद्धतीचे, त्यामुळे यादीत ८ आणि ९ हे अंकच नाहीत आणि सदतिसाव्या ताऱ्याचा क्रमांक ४५. व्याध १५, अगस्त्य १४, स्वाती ३१, अभिजित ३६. यादीत नावी (Navi), डनोसेस (Dnoces) आणि रेगोर (Regor) अशी तीन अनोळखी नावं दिसतात. अपोलो १ च्या आगीत गेलेल्या तिघांच्या नावांतले शब्द उलटे लिहिले की ही नावं होतात, आणि ती त्या तिघांपैकीच गस ग्रिसम यांनी आधी गुपचूप यादीत घातली होती.

जुळवणीचा प्रोग्रॅम पी५२. कळफलकावर तो बोलावला की संगणक आधी विचारतो, कोणत्या चौकटीला जुळवायचं. सध्याच्याच चौकटीला पुन्हा जुळवायचं असेल तर पर्याय ३. मग संगणक आत्ता दिसू शकतील असे दोन तारे सुचवतो. पहिला मान्य केला की दुर्बीण आपोआप त्या ताऱ्याकडे वळते. सेक्स्टंटमध्ये डोळा लावला की तारा केंद्रात नसतो, थोडा बाजूला असतो. तो जेवढा बाजूला, साधारण तेवढा प्लॅटफॉर्म सरकलेला. दुर्बीण हातावर घ्यायची, तारा रेषांच्या फुलीवर आणायचा आणि ‘मार्क’चं बटण दाबायचं. फुलीवरून निसटताना दाबलं गेलं तर बाजूला ‘रिजेक्ट’चं बटण आहे, निस्संकोच वापरावं. दुसऱ्या ताऱ्याचंही तसंच.

यानंतर पडद्यावर येणारा आकडा मला या सगळ्या पद्धतीतला सगळ्यात शहाणा भाग वाटतो. संगणक दोन ताऱ्यांमधला मोजलेला कोन आणि यादीतला खरा कोन यांची वजाबाकी दाखवतो. प्लॅटफॉर्म किती का सरकलेला असेना, दोन ताऱ्यांमधलं अंतर बदलत नाही. म्हणजे हा आकडा प्लॅटफॉर्मची परीक्षा घेत नाही, बघणाऱ्याची आणि दुर्बिणीची घेतो. चुकीच्या ताऱ्यावर मार्क केलं असेल तर इथेच उघडं पडतं. आकडा ०००.०० आला की अंतराळवीर त्याला कौतुकानं ‘पाच भोपळे’ या अर्थाचं नाव देत. ०.०१ आलं तरी चालतं. त्याहून बरंच मोठं आलं तर पुढे न जाता तारे पुन्हा घ्यायचे.

आकडा पटला की मग तिन्ही अक्षांवर ठोकळा किती फिरवायचा ते कोन दिसतात. ते लिहून ठेवायचे, वेळेसकट. होकार दिला की संगणक जायरोंना ठोके देऊन ठोकळा हळूहळू फिरवतो, एका ठोक्याला ०.६२ विकला. लिहून का ठेवायचे? कारण ड्रिफ्ट त्यातूनच कळतो. समजा मागच्या जुळवणीपासून १० तास झाले आणि एका अक्षावर ०.०३० अंश फिरवावं लागलं. तासाला ०.००३ अंश, म्हणजे ०.२ मेरू. पुढच्या दोन-तीन जुळवण्यांतही तेवढंच आणि त्याच दिशेनं निघालं तर तो त्या जायरोचा स्वभाव आहे. संगणकाच्या स्मृतीतला भरपाईचा आकडा तेवढा बदलायचा. दर वेळी वेगळंच निघत असेल तर आकडा बदलून उपयोग नाही, जुळवणीच वरचेवर करावी लागेल. ॲक्सिलरोमीटरचा शून्यदोष तर याहून सोपा: इंजिन बंद असताना ठोक्यांची शिल्लक शून्यच असायला हवी. काही मिनिटं मोजून जे शिल्लक राहील तो सगळा दोष.

दोन ताऱ्यांची निवडही जपून करायला हवी. एकाच ताऱ्यानं भागत नाही, कारण त्या ताऱ्याकडे जाणाऱ्या रेषेभोवती ठोकळा कितीही फिरलेला असला तरी तारा फुलीवरच दिसणार. दोन ताऱ्यांत ९० अंशांचं अंतर असेल तर उत्तम. २० अंशच असेल तर त्या रेषेभोवतीची चूक जवळजवळ तिप्पट होते.

आणि दिशेतली एवढीशी चूक काय करते? ९०० मीटर प्रति सेकंदाचा बर्न ०.१ अंशानं चुकलेल्या प्लॅटफॉर्मवर केला, तर बाजूला दीड मीटर प्रति सेकंदापेक्षा जास्त नको असलेला वेग मिळतो. दिवसभरात त्याचे सव्वाशेहून जास्त किलोमीटर होतात.

प्लॅटफॉर्मचा संदर्भ पूर्ण गेला तर पी५२ चा उपयोग नाही, कारण दुर्बीण आपोआप वळवायला अंदाज तरी हवा. तेव्हा पी५१. तारे स्वतः ओळखायचे. ऐकायला सोपं वाटतं, पण उन्हात असलेल्या यानाभोवती बाहेर टाकलेल्या पाण्याचे बर्फकण चमकत असतात आणि ते ताऱ्यांसारखेच दिसतात. डिसेंबर १९६८ मध्ये अपोलो ८ च्या परतीच्या वाटेवर जिम लोव्हेल यांना तारा क्रमांक ०१ द्यायचा होता, आणि संगणकाला गेला प्रोग्रॅम ०१. तो प्रोग्रॅम उड्डाणापूर्वीच्या तयारीचा. चंद्राकडून परतणारं यान पॅडवर उभं आहे असं संगणक समजला आणि जुळवणी गेली. लोव्हेल यांनी तारे शोधून ती पुन्हा बसवली.

अपोलो १२ ला तर जमिनीपासूनच सुरुवात झाली. १४ नोव्हेंबर १९६९ ला उड्डाणानंतर साडेछत्तिसाव्या सेकंदाला वीज पडली, बावन्नाव्या सेकंदाला पुन्हा. दुसऱ्या फटक्यात कमांड मोड्यूलचा प्लॅटफॉर्म भरकटला. तरी रॉकेट सरळ गेलं, कारण सॅटर्न ५ चा स्वतःचा प्लॅटफॉर्म वर वेगळ्या कड्यात होता, स्वतःच्या संगणकासह, आणि त्याला काही झालं नाही. यानाच्या प्लॅटफॉर्मची जुळवणी मग पृथ्वीच्या कक्षेत, रात्रीच्या बाजूला तारे बघून झाली. दोन यंत्रणा एकमेकींवर अवलंबून नसाव्यात, याचं याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

एप्रिल १९७० मध्ये अपोलो १३ ची ऑक्सिजन टाकी फुटली तेव्हा कमांड मोड्यूलची वीज संपत चालली होती, आणि तो बंद पडण्याआधी त्याची दिशा चांद्रयानाच्या प्लॅटफॉर्मवर उतरवून घ्यायची होती. दोन्ही यानं तोंडाला तोंड लावून जोडलेली, त्यामुळे कोनांचं नातं ठरलेलं. आतल्या गिंबलच्या कोनात १८० मिळवायचे, मधल्याचा कोन ३६० मधून वजा करायचा, बाहेरच्यासाठी जोडणीच्या कड्याचा कोनही हिशेबात घ्यायचा. लोव्हेल यांनी ही बेरीज-वजाबाकी कागदावर केली आणि ह्यूस्टनला तपासायला सांगितली. पुढे जुळवणी तपासायला तारे दिसेनात, कारण यानाभोवती स्फोटाचा कचरा चमकत होता. मग चांद्रयानाची दुर्बीण सूर्याकडे वळवली. सूर्य अर्ध्या अंशाचा, म्हणजे तपासणी ढोबळच, पण एका अंशाच्या आत बसली तर चालेल असं ठरलं होतं आणि ती बसली.

अपोलोच्या चांद्रयानांत आणखी एक यंत्रणा होती, गिंबल नसलेली. तिचे जायरो आणि ॲक्सिलरोमीटर थेट यानाच्या सांगाड्याला बांधलेले, आणि ठोकळा स्थिर ठेवायचं काम संगणकातल्या गणिताकडे. ‘ईगल’नं शेवटी आधार घेतला तो हिचाच. आजची यानं याच पद्धतीनं चालतात. गिंबल नाही, म्हणून लॉक नाही, मोटरी नाहीत, घासणारं जवळजवळ काही नाही. पण फुकट काहीच मिळत नाही. प्लॅटफॉर्मवरचा जायरो नेहमी शून्याजवळ असतो, तर बांधलेल्या जायरोला यानाची प्रत्येक फेरी मोजावी लागते. सुरुवातीला सांगितलेली ती तासाला तीन फेऱ्यांची फिरकी घ्या. दहा तासांत १०,८०० अंश. जायरोच्या मापात दहा हजारांत एकाची चूक असेल, तर दहा तासांनी दिशा १ अंशाहून जास्त चुकलेली. हीच चूक दहा लाखांत पाचवर आणली तर ०.०५ अंश. लेझर जायरोनं हे शक्य केलं. काचेच्या त्रिकोणी वाटेवर एकाच प्रकाशाच्या दोन शलाका उलट दिशांनी फिरतात. यान फिरलं की त्यांच्या वारंवारतेत फरक पडतो. बाजू १० सेंटिमीटरची असेल तर नुसत्या पृथ्वीच्या फिरण्यानं सेकंदाला साडेसहा-सात स्पंदनं मोजता येतात. फार हळू फिरताना मात्र दोन्ही शलाका एकमेकींना चिकटतात आणि जायरो आंधळा होतो. म्हणून सगळा काचेचा ठोकळा मुद्दाम सतत थरथरवत ठेवावा लागतो.

थरथर म्हटली की आणखी एक सापळा. यान दोन अक्षांवर पाव आवर्तनाच्या फरकानं थरथरत असेल तर तिसरा अक्ष शंकूसारखा फिरतो. थरथर फक्त ०.०१ अंशाची आणि सेकंदाला ५० वेळा असली, आणि संगणक ती टिपण्याइतक्या वेगानं नमुने घेत नसला, तर तासाला जवळजवळ १ अंश खोटा ड्रिफ्ट तयार होतो. जायरोत काही दोष नसतो. प्रयोगशाळेच्या शांत टेबलावर हे दिसत नाही, इंजिन पेटल्यावर दिसतं.

जोडणीची चूक याहून साधी आणि याहून भयंकर. २ जुलै २०१३ ला बैकोनूरहून सुटलेलं मानवरहित प्रोटॉन रॉकेट काही सेकंदांत आडवं होऊन कोसळलं. कोनीय वेगाचे काही संवेदक उलटे बसवलेले होते. त्यांच्यावर बाणाची खूण होती. बसवल्यानंतर प्रत्येक अक्षाला पृथ्वीचं फिरणं योग्य चिन्हासह दिसतंय का, किंवा हातानं वळवल्यावर आकडा योग्य बाजूला हलतोय का, ही तपासणी कधीच वगळू नये असं मला वाटतं ते यामुळे.

स्पेस शटलमध्ये पुन्हा गिंबलच होते, पण चार, आणि असे प्लॅटफॉर्म तीन. तिन्ही मुद्दाम एकमेकांशी तिरपे ठेवलेले, म्हणजे एकाच दिशेची हालचाल प्रत्येकाला वेगळ्या मिश्रणात जाणवे आणि कोण चुकतोय हे ओळखणं सोपं जाई. शिवाय प्रत्येकात दोन अक्षांचे दोन जायरो, गरज तीन अक्षांची, म्हणून उरलेला चौथा अक्ष घरच्या घरी तपासणीला. ताऱ्यांकडे बघायचं काम दोन स्टार ट्रॅकर करत. उंचीच्या फुगत जाणाऱ्या चुकीवर इलाजही सुरेख होता. वातावरणात शिरल्यावर हवेचा अडथळा ॲक्सिलरोमीटरवर मोजता येतो, अडथळ्यावरून हवेची घनता आणि घनतेवरून उंची काढता येते. अंदाज ढोबळ, पण फुगणाऱ्या चुकीला आवर घालायला पुरेसा.

तीनातला एक प्लॅटफॉर्म गेला तर उरलेले दोन यान सुखरूप उतरवू शकत. पण त्या दोघांत मतभेद झाला तर निवाडा करणारा तिसरा नसतो. म्हणून नोव्हेंबर १९९१ मध्ये एसटीएस-४४ या मोहिमेवर असताना अटलांटिस या शटलचा दुसरा प्लॅटफॉर्म बिघडला तेव्हा दहा दिवसांची मोहीम आवरती घेतली गेली आणि १ डिसेंबरला यान एडवर्ड्स तळावर उतरलं. शटलच्या परतीच्या तयारीत ताऱ्यांवरून केलेली जुळवणी नेहमीच असे. ती कक्षेतून खाली आणणाऱ्या बर्नच्या शक्य तितकी जवळ ठेवायची, कारण ठोकळा जुळवला की त्याच क्षणापासून तो पुन्हा सरकायला लागलेला असतो.